पुस्तकं लावणे आणि दशांश चिन्हाची भानगड

वर कोणीतरी लिहिलंय की लायब्ररीत फुकट जाऊन पुस्तकं लावायला काय अक्कल लागते, नंबर बघायचा आणि ठेवायचं. मी इथे अमेरिकेत आमच्या काउंटीच्या लायब्ररीत शनिवारी हेच काम करते, म्हणून सांगते, सगळी गोची दशांश चिन्हानंतर होते. ड्युई पद्धतीत, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना नंबर द्यायच्या पद्धतीत, स्वयंपाक ६४१.५ ला, भारतीय स्वयंपाक ६४१.५९५४ ला आणि लोक हमखास ६४१.८ त्याच्या आधी कोंबतात, कारण ५९५४ च्या मानाने ८ बिचारा छोटा दिसतो ना! एकेक आकडा बघत जायचं, ५ च्या नंतर ८, विषय संपला. मराठी साहित्य ८९१.४६ आणि हिंदी ८९१.४३, तिथे तर नजर हटली की पुस्तक शेजारी राहायला गेलंच म्हणून समजा.

आणि प्लीज, चाळलेलं पुस्तक स्वतः परत लावू नका हो, तिथल्या ट्रॉलीवर ठेवा. एक तर चुकीच्या जागी गेलं की कंप्युटरवर ते आहे म्हणून दिसत राहतं आणि सापडत मात्र कोणालाच नाही, शिवाय बऱ्याच लायब्रऱ्या ट्रॉलीवरची पुस्तकं स्कॅन करून वापर मोजतात, जुनी काढून टाकताना तोही आकडा बघतात.

मुलांच्या सेक्शनबद्दल बोलायलाच नको, लावून होईपर्यंत मागून परत पसारा तयार! बाकी ज्यांना यायचंय त्यांनी काउंटरवर फॉर्म विचारा, शाळकरी मुलांनाही बऱ्याच ठिकाणी घेतात. गुडघे दुखत असतील तर वरच्या फळ्या मागून घ्या.