मदत हवी आहे: फुकट फोटो कुठे मिळतात? १ तारखेच्या आत हवेत

कोळंबी_खिचडी
नमस्कार. वापरायला मोकळे, फुकट फोटो कुठे मिळतील? मी गूगलवर मिळालेला एक फोटो लेखाला लावला होता, खाली 'सौजन्य: गूगल' असं लिहिलंही होतं. काल तो फोटो काढणाऱ्याची इमेल आली, फोटो उतरवा नाहीतर पैसे भरा. लगेच उतरवला, माफीही मागितली. आता आधीच्या सगळ्या लेखांची धास्ती बसली आहे. शिवाय एक तक्ता करायचाय, त्यात अक्षरं तुटतात. कृपया लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

ठाकुरद्वारी
पेक्सेल्स, पिक्साबे, अनस्प्लॅश. तिन्ही फुकट, नाव देण्याचीही सक्ती नाही. झालं काम.

कोळंबी_खिचडी
तिथे दोन रात्री शोधलंय हो. सगळीकडे तोच सॅमन आणि लिंबाची फोड. मला बोंबील, मांदेली, बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या) हवेत.

अक्षरजुळारी
मासे हवेत हे आधी सांगायला हवं होतं ना ताई! आणि अक्षरं तुटतात म्हणजे नेमकं काय होतं? फोनवर करताय की कॉम्प्युटरवर?

पवईकर_७
एवढं शोधायचं कशाला? एआयला सांगा, दहा सेकंदांत चित्र देईल. मी सगळीकडे तेच वापरतो.

माहीमची_सून
मी करून पाहिलंय. बोंबील मागितला तर खवले असलेला, टणक, बांगड्यासारखा मासा काढून दिला. बोंबील कसा असतो? मऊ, लिबलिबीत, गुलाबीसर, मोठ्या तोंडाचा. माशांवरच लिहायचं असेल तर हे चालणार नाही. आमच्या आळीत कुणीही लगेच चूक दाखवेल.

पवईकर_७
नीट वर्णन लिहिलं तर येतो. प्रत्येक वेळी तुमच्यासारखं होईलच असं नाही.

वकीलबाई_दादर
आधी कायद्याचं. 'सौजन्य: गूगल' लिहून काहीही साध्य होत नाही. गूगल फक्त शोधून देतं, फोटो काढणाऱ्याचाच राहतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातभर आणि नंतर ६० वर्षं टिकतो. गूगलवरच शोधायचं असेल तर इमेजेसमध्ये टूल्स, मग यूसेज राइट्स, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स (मालकाने ठरावीक अटींवर वापरू दिलेले फोटो) निवडा आणि तरीही मूळ पानावर जाऊन परवाना वाचा. ही चाळणी चुकू शकते.

ठाकुरद्वारी
माझ्या माहितीत नाव दिलं की पुरतं.

वकीलबाई_दादर
नाही पुरत. ज्याने परवाना दिलाय, त्याने 'नाव द्या' म्हटलं असेल तरच नाव देऊन भागतं. परवानाच नसेल तर नाव लिहून चोरी कायदेशीर होत नाही.

सागरी_मित्र
विकिमीडिया कॉमन्स हा मोकळ्या फोटोंचा साठा बघा, पण 'बोंबील' टाकून नाही. मराठी विकिपीडियावर त्या माशाचं शास्त्रीय नाव असतं, ते रोमन अक्षरांत टाका. बोंबिलाचं हार्पाडॉन नेहेरियस, बांगड्याचं रास्ट्रेलिजर कानागुर्टा, मांदेलीचं कोइलिया डुसुमिएरी. स्थानिक नावाने काही न सापडणारे फोटो असे सापडतात. आयनॅचरलिस्टवरही, म्हणजे लोक प्राणी-वनस्पतींचे फोटो चढवतात त्या साइटवर, भरपूर आहेत.

वकीलबाई_दादर
आयनॅचरलिस्टवर सांभाळून. तिथला नेहमीचा परवाना बाय-एनसी, म्हणजे व्यापारी वापर नाही. ताई, तुम्ही काही विकता का?

कोळंबी_खिचडी
लेखाखाली आमच्या कोळी मसाल्याच्या ऑर्डरसाठी नंबर असतो. तो धंदा धरतात का?

वकीलबाई_दादर
धरायचाच. एनसीवाला फोटो वापरू नका. एनडी (बदल करायला मनाई) असेल तर त्यावर अक्षरं टाकून तो प्रसिद्ध करता येत नाही. बाय-एसए असेल आणि फोटोवर तुम्ही तक्ता रचलात, तर तो तक्ताही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.

छापखाना_लालबाग
अक्षरांचं म्हणाल तर पंचवीस वर्षं मी जुन्याच फॉन्टवर काम करतोय. एक अक्षर तुटत नाही. कॉम्प्युटर घ्या आणि ते शिका.

अक्षरजुळारी
काका, छापखान्याला ते ठीक. त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टने तिला फोनवर काही करता येणार नाही, आणि तिने फोनच सांगितलाय.

छापखाना_लालबाग
फोन म्हणालेली नाही कुठे. वर वाचा.

कोळंबी_खिचडी
फोनच आहे, लिहायचं राहिलं. 'तिसऱ्या' लिहिलं की त नंतर वेलांटी येते, आणि पुढे र चा पाय मोडून वेगळा या उभा राहतो. कधी 'तिसर्या' होतं.

अक्षरजुळारी
हे दोन वेगळे दोष आहेत. वेलांटी मागे जाणं आणि पाय मोडणं हा अ‍ॅपचा दोष, त्याला देवनागरी जुळवता येत नाही, अ‍ॅप बदला. रफार येतो तो टायपिंगमुळे. र, हलंत, य दाबलंत की रफारच होणार. 'ऱ्या'साठी ऱ हे वेगळं अक्षर घ्यायचं, मग हलंत, मग य.
कॅन्व्हा या डिझाइनच्या अ‍ॅपच्या फुकट आवृत्तीत पाहा. मुकाट्याने मुक्ता किंवा बलू २ हा फॉन्ट घ्या, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, मोकळ्या परवान्याचे. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी. तोही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे.

ठाकुरद्वारी
फोनचा फोटो पाच-पाच एमबीचा असतो. स्क्वूश या फोटो लहान करायच्या साइटवर १२०० पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या फाइलमध्ये काढा, पान पटकन उघडेल.

माहीमची_सून
हे कुणी विचारलं नव्हतं, पण उपयोगी आहे. माझं म्हणणं, स्वतःच काढा. सकाळी खिडकीजवळ, केळीच्या पानावर. स्टीलच्या ताटात नको, ओल्या माशावर चमक येते. बाजारात काढत असाल तर मावशीला विचारून. आता जूनपासून बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत बोटी बाहेर नाहीत, म्हणून ताजा माल कमी. तिसऱ्या खाडीच्या, त्या मिळतात.

कोळंबी_खिचडी
तेच तर! १ ऑगस्टला बोटी निघतात, त्या दिवशी तक्ता टाकायचाय, कुठला मासा कधी घ्यावा म्हणून. तेव्हा बोंबील, मांदेलीचे फोटो आत्ता माझ्याकडे येणार कुठून?

सागरी_मित्र
मग फोटोऐवजी चित्रं घ्या. फ्रान्सिस डे नावाचा इंग्रज डॉक्टर मद्रास इलाख्यात होता, भारतातल्या माशांवर त्याचा ग्रंथ १८७५ ते १८७८ मध्ये निघाला. चित्रं बारीक रेषांची, काळी-पांढरी, खवला न् खवला मोजता येतो. तो १८८९ मध्ये वारला, त्यामुळे हक्क संपलेत. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयावर पानं चढवलेली आहेत. त्यातली काही नावं आजच्यापेक्षा वेगळी आहेत, चित्र पाहून खात्री करा.

छापखाना_लालबाग
रेघांची चित्रं छपाईत उत्तम उठतात. खाली फिकट रंगाचा पट्टा द्या, लाल नको.

कोळंबी_खिचडी
बोंबील सापडला! तोंड उघडं, दात दिसतायत, अगदी आमच्या ओट्यावरचाच. मुक्तामध्ये 'तिसऱ्या' नीट आलं. तिसऱ्यांचा फोटो उद्या स्वतः काढते. जुन्या लेखांतले सतरा फोटो आज रात्रीच उतरवते. डॉक्टरचं नाव खाली द्यावं ना, हक्क संपले असले तरी?

वकीलबाई_दादर
कायद्याने सक्ती नाही. पण द्या. वर्षही लिहा.