हेड गॅसकेट बदलल्यावरही इंजिन ऑइल दुधाळ दिसते: आतून स्वच्छ कसे करावे?

गिरगाववासी:
नमस्कार. आमच्याकडे 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाची जुनी गाडी आहे. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढत असताना तिच्या रेडिएटरचा वरचा पाइप फुटला, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि हेड गॅसकेट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधील सील) गेले. टोचन करून गाडी मुंबईत आणली. गॅरेजमध्ये हेड काढून फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट) करून घेतले, नवे गॅसकेट बसवले, ऑइल आणि फिल्टरही बदलले. गाडी आता तापत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही. मात्र थोडे अंतर चालवल्यावर डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) नवे ऑइल पुन्हा दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसू लागले आहे. गॅरेजचे म्हणणे असे की गाडी चालवत राहिल्यास पाणी आपोआप उडून जाईल. शेजारच्या एका गृहस्थांनी डिझेल घालून इंजिन धुण्याचा सल्ला दिला आहे. गणपतीला आई-वडिलांना घेऊन चिपळूणला जायचे आहे. गळती अजून चालू आहे की हा आधीचाच अंश आहे, हे कसे ओळखावे आणि इंजिन कसे स्वच्छ करावे?

जुना फिटर, कुर्ला:
पहिली विनंती अशी की, निर्णय होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. ‘पाणी उडून जाईल’ हे अर्धेच खरे आहे. पाणी 100 अंशांना उकळते, त्यामुळे इंजिन पुरेसा वेळ गरम राहिले तर ते वाफ होऊन बाहेर पडू शकते. पण कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) नुसते पाणी नसते, ग्लायकॉलही असते आणि त्याचा उत्कलनबिंदू 197 अंशांच्या आसपास आहे. चेंबरमधले (इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीतले) ऑइल सर्वसाधारणपणे तेवढे तापत नाही, म्हणून ग्लायकॉल आतच राहते, उष्णतेने त्याची आम्ले बनतात, ऑइलमधील रसायनांशी मिसळून चिकट गाळ होतो आणि तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगना खातो. पाणी गेल्यावर डिपस्टिक स्वच्छ दिसू लागते आणि मालक निश्चिंत होतो, पण धोका तसाच असतो. म्हणूनच केवळ रंगावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

एकदा ऑइल बदलून इंजिन स्वच्छ होत नाही, कारण ड्रेन बोल्ट (ऑइल काढण्यासाठी चेंबरला असलेला बोल्ट) उघडला तरी हेडमधल्या वाटा, टॅपेटच्या जागा, ऑइल पंप आणि चेंबरचा तळ येथे जुने मिश्रण राहतेच. शिवाय हेड उचलताना ब्लॉकमधले कूलंट आधी पूर्ण काढले नसेल, तर ते सिलिंडरमध्ये उतरते आणि तेथून चेंबरमध्ये झिरपते. त्यामुळे दुरुस्ती उत्तम झालेली असूनही ऑइल दुधाळ होऊ शकते.

गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू न करता ड्रेन बोल्ट अगदी हळू सैल करा. पाणी आणि ग्लायकॉल दोन्ही ऑइलपेक्षा जड असल्याने, सुटे कूलंट असेल तर ते सर्वांत आधी बाहेर येते. त्यानंतर शक्य असेल तर चेंबर खाली उतरवा. खर्च वाढतो हे मान्य आहे, पण ऑइल पंपाची जाळी डोळ्यांनी पाहण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही आणि ती गाळाने बुजली तर नवे ऑइल घालूनही बेअरिंग कोरडी राहतात. मग नवा फिल्टर लावून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे साधे, स्वस्त मिनरल ऑइल भरा. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन नुसते आयडलवर चालू ठेवा, रेस करू नका, आणि गरम असतानाच ऑइल काढून टाका. निघणारे ऑइल स्वच्छ आणि पारदर्शक दिसेपर्यंत हेच पुन्हा करा आणि दर वेळी फिल्टर बदला, कारण जुन्या फिल्टरच्या कागदात भिनलेले मिश्रण नव्या ऑइलमध्ये पुन्हा उतरते. महागडे सिंथेटिक ऑइल शेवटी घाला.

डिझेलने धुणे मात्र टाळा. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो त्यावरच इंजिन जगते. आधीच कमकुवत झालेला तो थर डिझेलने आणखी विरळ होतो.

मोटार मेकॅनिक विषयाचा निदेशक:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. गळती चालू आहे का, या प्रश्नासाठी थोडी भर घालतो. इंजिन थंड असताना कूलिंग सिस्टीमला हातपंपाच्या टेस्टरने रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरा आणि काटा उतरतो का ते काही वेळ पाहा. बाहेर कुठे थेंब नसताना दाब उतरत असेल, तर कूलंट आत जात आहे. दुसरी चाचणी निळ्या द्रवाची आहे: इंजिन चालू असताना रेडिएटरमधील हवा त्या द्रवातून खेचतात आणि जळालेला वायू तेथे पोहोचत असेल तर द्रव पिवळा पडतो. मात्र कूलंट फक्त ऑइलच्या वाटेत शिरत असेल, तर ही दुसरी चाचणी निर्दोष येऊ शकते, म्हणून दाबाची चाचणी सोडू नये.

गॅरेजला दोन गोष्टी अवश्य विचारा. फेसिंग हेडचे झाले, पण ब्लॉकचा माथा सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) तपासला होता का? अनेक पेट्रोल इंजिनांत वाकण्याची मर्यादा 0.05 मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. तसेच हेडचे बोल्ट नवे घातले का? ठरावीक जोराने (टॉर्क) आवळल्यानंतर आणखी ठरावीक कोनातून फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जातात, आणि बऱ्याच उत्पादकांच्या सूचनेनुसार ते पुन्हा वापरायचे नसतात.

गिरगाववासी:
दोघांचेही मनापासून आभार. बोल्ट उघडल्यावर सुरुवातीला हिरवट पाणी आले आणि मगच ऑइल आले. दाबाची चाचणी करून घेतली, काटा जराही हलला नाही. चेंबर उतरवण्याचे ठरवले आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली मात्र पिवळसर साय दिसते, तिचे काय करावे? आणि हे काढलेले ऑइल कुठे द्यावे?

ऑइल तपासनीस, ठाणे:
झाकणाखालची साय एकटीच असेल तर घाबरू नका. मुंबईच्या पावसाळ्यात, दमट हवेत आणि रोजच्या जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, तेव्हा निरोगी इंजिनातही तेथे वाफ गोठून अशी साय जमते. ती पुसून काढा, टॅपेट कव्हर (हेडवरचे झाकण) आणि ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर नेणारी) नळी आतून स्वच्छ करा, आणि पुढचा निर्णय डिपस्टिकवरील व बाहेर काढलेल्या ऑइलवरूनच घ्या. शंका उरली तर थोडा नमुना प्रयोगशाळेत द्या. अहवालात सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेले दिसले तर कूलंटमधील रसायने ऑइलमध्ये असण्याची दाट शक्यता असते. तापल्या पत्र्यावर थेंब टाकून तडतड ऐकण्याची पद्धत फक्त पाणी दाखवते, ग्लायकॉल नाही.

काढलेले ऑइल झाकणबंद कॅनमध्ये साठवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या संकलकाकडे द्या. त्यात कूलंट मिसळले आहे हे त्यांना आवर्जून सांगा. वापरलेले ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, ते गटारात गेले तर थेट खाडीत पोहोचते. ग्लायकॉल चवीला गोड आणि अतिशय विषारी असते, त्यामुळे उघडे भांडे गल्लीतल्या मांजरी-कुत्र्यांसाठी जीवघेणे ठरते.

जुना फिटर, कुर्ला:
दाब टिकला आहे आणि कूलंट आधी बाहेर आले, म्हणजे हा बहुधा हेड उचलतानाचाच अंश असावा. चेंबर उतरेल तेव्हा तळाशी चकाकणारी धातूची पूड आहे का ते पाहा आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागदही तपासा. पूड दिसली तर बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय चिपळूणला निघू नका. ती नसेल तर शेवटचे ऑइल भरल्यावर आधी शहरातच काही दिवस चालवा, रोज सकाळी थंड इंजिनात कूलंटची पातळी खूण करून पाहा, आणि कोकणातून परतल्यावर नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता ऑइल व फिल्टर पुन्हा बदला.