उडती मोटार की उडणारी मोटार?

विचारणा (कोथरूड) : मुलीच्या वर्गासाठी फ्लाइंग कारवर परिच्छेद लिहितोय. मी ‘उडती मोटार’ लिहिलं, आईनं खोडून ‘उडणारी’ केलं. फरक आहे का? ‘उडती तबकडी’ तर सगळेच म्हणतात.

प्रतिसाद : आईंचं बरोबर वाटतं. ‘-ता, -ती, -तं’ हे चालू क्रियेचं रूप. वाहतं पाणी, धावती गाडी. तबकडी पाहिल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांनी ती उडतानाच पाहिली होती. ‘-णारा’नं नुसती क्षमता कळते.

दुसरा प्रतिसाद : मग दुभती म्हैस? माझं आजोळ चाकणकडचं. भरदुपारी गोठ्यात रवंथ करत बसलेली म्हैसही दुभतीच म्हणतात.

पहिल्यांचं उत्तर : मान्य, माझा नियम तोकडा पडला. पण ती दुभती का? धार दोन्ही वेळ निघते म्हणून. आटली की भाकड. म्हणजे या रूपासाठी क्रिया नित्याची असावी लागते, आणि मोटारीचं नेमकं तिथंच अडलंय. मोटार आणि विमान एक झालेलं वाहन येणार, असं हेन्री फोर्ड 1940 मध्ये सांगून गेले. 1949 साली मोल्टन टेलर या अमेरिकी अभियंत्याची एअरोकार खरोखर उडाली. पंख सोडवून ट्रेलरसारखे मागे ओढत ती रस्त्यानंही जायची. पण बनल्या जेमतेम सहा. जून 2021 मध्ये स्लोव्हाकियात एअरकार नावाची दुसरी मोटार नित्राहून ब्रातिस्लाव्हाला 35 मिनिटांत उडत गेली. तिलाही धावपट्टी लागतेच. उड्डाणं झाली, नित्याची झाली नाहीत. ‘-णार’मध्ये ‘गाडी येणार’चा भविष्यकाळही आहे. इतकी वर्षं वाट पाहायला लावणाऱ्या वस्तूला तेच रूप शोभतं.

तिसरा प्रतिसाद : ‘विमानमोटार’ का नको? अशा समासात शेवटचं पद मुख्य, म्हणजे ती आधी मोटार. जागेवरून सरळ वर उठणाऱ्या नव्या विजेवरच्या यानांपैकी बहुतेक रस्त्यावर चालतच नाहीत. त्यांना मोटार म्हणूच नये, ‘हवाई टॅक्सी’ ठीक.

विचारणाऱ्यांचं उत्तर : ‘उडणारी’ ठेवतो. मुलगी विचारतेय, एअरोकार ‘उडालेली मोटार’ का?

पहिल्यांचं उत्तर : नको. ‘उडालेला’ म्हटलं की रंग आठवतो, नाहीतर बल्ब. ‘एके काळी उडत असलेली’ लिहू दे तिला.