चार्टर शाळेच्या बोर्डावर फक्त पालक नकोत

ताई, ‘मुलं आमची, मग बोर्डही पालकांचंच असावं’ हे तुम्ही तळमळीने लिहिलंय, पण मला ते पटत नाही. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार स्वतःच्या बोर्डाकडे (संचालक मंडळाकडे) असलेली शाळा. अमेरिकेत अशा शाळांचा पहिला कायदा 1991 मध्ये मिनेसोटा राज्याने केला. तिथला नियम मला योग्य वाटतो: बोर्डावर शाळेतला शिक्षक हवा, पालक हवा आणि जिचं मूल त्या शाळेत नाही अशी बाहेरची व्यक्तीही हवी. शिवाय कारभार, नोकरभरतीची धोरणं आणि पैसा या तिन्हींचं प्रशिक्षण सदस्यांना सक्तीचं.

यात खरी मेख पैशाची. अनुदान पटावरच्या मुलांप्रमाणे मिळतं. समजा, बजेट 240 मुलांवर बेतलंय आणि ऑक्टोबरात पटावर 221च आहेत. त्या 19 मुलांचे पैसे येणार नाहीत, पण शिक्षकांचे पगार आणि इमारतीचं भाडं काही कमी होत नाही. हा आकडा बोर्डाच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारायलाच हवा, मुख्याध्यापकांवर कितीही विश्वास असला तरी! उलट, कुठल्या वर्गाला कोणत्या बाई द्यायच्या हे ठरवणं बोर्डाचं काम नाही, आणि पालक-सदस्य बरेचदा नेमके तिथेच अडकतात.

आणि पुढची माणसं आत्तापासून हेरून ठेवा. संस्थापक मंडळी एकदम बाहेर पडली की शाळेची घडी विस्कटते. सगळ्यांची मुदत एकाच वर्षी संपणार नाही असं बघा, आणि नव्या माणसाला आधी वर्षभर वित्त समितीत काम करू द्या.