आईबाबा दोघंच एम्सले जाऊन रायले, सीताबर्डीले मेट्रो बदलताना गेटच्या बाहेर निघा लागते का?

संत्राबाग_नरखेड:
राम राम मंडळी. आमचं गाव नरखेड तालुक्यात. आईले गुडघ्यासाठी एम्सले दाखवाचं आहे, नागपूरच्या मिहानमधल्या. मी जाऊ शकत नाई काहून का आंबिया बहाराची तोड चालू आहे, मजूर आज भेटले तर उद्या भेटत नाई, म्हणून बाबा आन् आई दोघंच जातीन. नागपूर स्टेशनपर्यंत बाबाले सारं माहीत आहे पण मेट्रोत दोघंही कधी बसले नाई. स्टेशनवरून मेट्रो कोणत्या बाजूले भेटते आन् सीताबर्डीले गाडी बदला लागते म्हणते तर तिथं ते गेट पुन्हा लागते का, दुसरं तिकीट काढा लागते का, हे कोणी नीट सांगजा. बाबाले मराठी वाचता येते, आईले नाई. आन् आईले जिना चढवत नाई, ही मोठी गोष्ट आहे. ऑटोवाले थेट एम्सचे जे पैसे सांगते ते आयकून बाबा म्हणते राहू दे, दुखते तं दुखू दे. मले ते आयकवत नाई.

बर्डीवाला:
भाऊ, बाबांना एकच गोष्ट पक्की सांगून ठेवा, काउंटरवर तिकीट मागताना खापरी म्हणायचं, एम्ससाठी तिथंच उतरायचं आहे, सीताबर्डी नाही म्हणायचं. स्टेशनच्या मेट्रोतून थेट खापरीचं तिकीट मिळतं आणि मधे लाइन बदलली तरी तेच चालतं. कागदी तिकीट असतं, त्यावर चौकोनी क्यूआर छापलेला असतो, तो गेटच्या काचेवर धरायचा, गेट उघडलं की एकानेच आत जायचं मग दुसऱ्याने आपलं तिकीट धरायचं. दोघांची दोन तिकिटं वेगळी घ्या.
आता सीताबर्डीचं. तिथं रेल्वे स्टेशनकडून येणारी ॲक्वा आणि खापरीला जाणारी ऑरेंज लाइन वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत, उतरल्यावर लोकांचा लोंढा निघतो तो अर्धा बाहेरच्या गेटकडे जातो आणि नवीन माणूस त्यांच्या मागं मागं जातो. तसं करायचं नाही. गेटमधून बाहेर निघालं की तिकीट तिथंच वापरल्या गेलं, मग खापरीसाठी नवीन काढा. आतल्या आत खापरीची पाटी बघत ऑरेंज लाइनच्या मजल्यावर जायचं, मधे एकही गेट ओलांडायचं नाही. लिफ्ट आहे. पाट्या मराठीत आहेत, बाबा आरामात वाचतील.

धंतोली_ताई:
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय पण आईंचे गुडघे बघता मला वाटतं खरा त्रास मेट्रोत नाहीच, रेल्वे स्टेशनवर आहे. मेट्रोचं स्टेशन संत्रा मार्केटच्या बाजूला आहे, म्हणजे आठ नंबर फलाटाकडे. मुख्य गेट एक नंबरकडे, ते बरोबर उलट्या बाजूला. तुमची गाडी एक नंबरला लागली आणि बाबा मेट्रो मेट्रो करत आईंना घेऊन सगळे रूळ ओलांडायला पुलावर चढले तर आई तिथंच बसतील हो.
म्हणून मी सांगते तसं करा. गाडी आठकडच्या फलाटाला लागली तर संत्रा मार्केटकडून निघा आणि मेट्रो पकडा. एक नंबरकडे लागली तर समोरच्या गेटने बाहेर निघून ऑटोने सीताबर्डी मेट्रो, जवळच आहे, तिथून खापरीचं तिकीट काढा म्हणजे ऑरेंज लाइन थेट मिळते आणि बदलायचं कामच उरत नाही. मधल्या फलाटांवर लागली तर लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते हमालाला विचारूनच हलायचं. स्टेशनचं नवीन बांधकाम चालू आहे, 2022 च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन झालं तेव्हापासून ये-जा करायच्या वाटा बदलत राहतात, त्यामुळे मागच्या वेळी इकडून गेलो होतो यावर बाबांनी भरवसा ठेवू नये.

सिंदी_रेल्वे_वर्धा:
आमच्यासारखे वर्धेकडून येणारे अजनीले उतरते. गाडी थांबत असन तं तेच बरं, काँग्रेस नगर मेट्रो तिथून जवळ पडते आन् ते ऑरेंज लाइनवरच आहे, सीताबर्डीले जाची गरजच नाई. नरखेडकडून येणाऱ्याले हे कामाचं नाई म्हणा, पण इथं वर्धा हिंगणघाटवाले वाचत असतीन तं त्याइच्यासाठी लिहून ठेवलं.
आन् बॅग मशीनमधून तपासते, बाबाच्या पिशवीत विळा चाकू काई नको. खर्रा (तंबाखू-सुपारी) थुकला तं दंड बसते.

संत्राबाग_नरखेड:
ताई हे फलाटाचं तं डोक्यातच नव्हतं आलं, लय उपकार झाले. आता अजून एक विचारतो. समजा संत्रा मार्केटकडून मेट्रोत चढले, तं सीताबर्डी आली हे आईबाबाले कसं समजन? गाडीत सांगते का? आन् कोणत्या बाजूच्या गाडीत बसाचं?

बर्डीवाला:
सांगतात ना, मराठीतही सांगतात. पण गर्दीत ऐकू नाही आलं तरी एक खूण आहे. स्टेशनवरून लोकमान्य नगरकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं, प्रजापती नगरच्या नाही, ती पारडीकडे जाते. पहिलं कॉटन मार्केट येतं. ते सोडलं की मेट्रो आनंद टॉकीजजवळच्या मोठ्या पुलावरून जाते, 231 मीटरचा पूल आहे आणि खाली रेल्वेचे रूळ पसरलेले दिसतात, चांगले आठ दहा रूळ एकमेकाला लागून. ते दिसले की उठून दाराजवळ यायचं, लगेच सीताबर्डी. आईंना वाचता येत नसलं तरी ही खूण त्यांना दिसेल, त्यांनाच सांगून ठेवा, बाबा गोष्टीत लागले तर त्या उठवतील.
तिथून ऑरेंजमध्ये बसल्यावर काळजी नाही, खापरी शेवटचं स्टेशन आहे, पुढे गाडी जातच नाही. एअरपोर्ट गेलं की मेट्रो पुलावरून उतरून जमिनीवरून चालते, मग समजायचं आलं. तिकीट मात्र तोवर सांभाळून ठेवायचं, निघतानाही तेच काचेवर धरावं लागतं. आईंचं तिकीट आईंच्याच हातात द्या. पदराच्या गाठीत घडी घालून नको, चुरगळलं की गेट वाचत नाही. तरी नाही उघडलं तर बाजूला कर्मचारी उभा असतो, त्याला दाखवायचं, घाबरायचं कारण नाही. रुंद गेट असतं एक कडेला, आईंच्या हातात काठी असेल तर तिथून.

धंतोली_ताई:
खापरीहून एम्स चालत जाण्याइतकं जवळ नाही हं, तिथून ऑटो करावाच लागेल, पण नागपूर स्टेशनवरून थेट करण्यापेक्षा कितीतरी कमी पैशात होतं. आणि सकाळी लवकरची गाडी असेल तर पाणी, गोळ्या, जुने रिपोर्ट आईंच्या पिशवीत नको, बाबांच्या खांद्यावर द्या. लिफ्टपाशी गर्दी असली तरी थांबायचं, दोन फेऱ्या जाऊ द्या, सरकत्या जिन्यावर पहिल्यांदा पाय ठेवताना म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो.

संत्राबाग_नरखेड:
सारं कागदावर मोठ्या अक्षरात उतरवलं. येतानाचं तेवढं सांगजा, संध्याकाळी अंधार पडन.

बर्डीवाला:
येताना खापरीवर नागपूर रेल्वे स्टेशनचं तिकीट मागायचं, नुसतं नागपूर नाही. गाडी ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी मिळेल, सीताबर्डीला उतरायचं, परत आतल्या आत मजला बदलायचा आणि या वेळी प्रजापती नगरची पाटी बघायची. सकाळची लोकमान्य नगर होती म्हणून संध्याकाळीही तिकडेच उभे राहिले तर हिंगणा रोडला जातील आणि गाडी चुकेल. कागदावर हे वेगळं लिहा, सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन बाजू करून.