सुरकूफ हा फ्रेंच माणूस समुद्री चाचा होता की नौदलवाला?

कंदीपेढा, सातारा:
काल राजवाड्यावर चहा पिताना मित्राशी वाद झाला. तो म्हणतो रॉबर्ट सुरकूफ सरळसरळ समुद्री दरोडेखोर, मी म्हणालो नाही रे, त्याच्याकडे शत्रूची जहाजं लुटायचा सरकारी परवाना असायचा. कोण बरोबर? नौदलात होता का तो?

गलबत:
दोघंही थोडे थोडे बरोबर 😀 1773 चा जन्म, गाव सेंट मालो, पण धंदा सगळा मॉरिशसहून, तेव्हा ते फ्रेंचांकडं होतं. जानेवारी 1796 मध्ये बालासोरजवळ यानं ट्रायटन नावाचं इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज धरलं, ते कसं तर आधी हुगळीच्या तोंडाशी एक पायलटची बोट पकडली, मग त्याच बोटीतून निघाला, विसेक माणसं सोबत, त्यातली बरीचशी खाली दडवलेली. ट्रायटनवाल्यांना वाटलं पायलट आला वाट दाखवायला, येऊ दिलं जवळ, आणि हे एकदम तलवारी घेऊन डेकवर! तिकडं दीडशेच्या आसपास लोक होते राव.
खरी गंमत पुढं. मॉरिशसला परत गेला तर गव्हर्नरनं सगळा माल जप्त केला, कारण या फेरीला लुटीचा परवानाच नव्हता त्याच्याकडं, नुसता व्यापाराचा होता. मग पॅरिसला जाऊन भांडला आणि पैसे काढले. म्हणजे त्या फेरीपुरता तुझा मित्र जिंकला.

हळदवाला_सांगली:
आम्ही कृष्णेत पोहणारी माणसं, समुद्राचं काय कळणार, तरी सांगतो. नौदलात नव्हता तो. नेपोलियननं बोलावलं होतं पण हा गेला नाही. लुटीत वाटा मिळतो, पगारात काय मिळणार? त्याच गावचा दुगे-त्रुएँ बघा, बरोबर शंभर वर्षं आधीचा, तो परवान्यावरून नौदलात गेला आणि 1711 ला थेट रिओ दी जानेरो घेतलं.
आणि सुरकूफला फार डोक्यावर घेऊ नका, गुलामांचा व्यापार केलाय त्यानं, फ्रान्सनं 1794 ला बंदी घातल्यावरसुद्धा. इंग्रजांचं केंट जहाज घेतलं (ऑक्टोबर 1800, स्वतःच्या 18 तोफा आणि समोर दुपटीहून जास्त) ते सगळे रंगवून सांगतात, हे कोणी सांगत नाही.

गलबत:
गुलामांचं मान्य, लिहायला हवं होतं.
बाकी परवान्याचं म्हणाल तर इंग्रज कान्होजी आंग्र्यांनाही पायरेटच म्हणायचे की. 1713 ला बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांकडं वळवलं, सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख, मग चाचा कसला? दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, नसलेलं जहाज धरायचे, ते त्यांच्या हक्कातलं होतं. आणि हे सगळं साताऱ्याच्या गादीच्या नावानं चालायचं, तुम्ही तिथं बसून सुरकूफवर कसले भांडताय!

कंदीपेढा:
खरंय 😅 पण परवाना नसताना पैसे परत मिळाले हे मित्राला सांगत नाही, फार चढेल तो.