कोसोव्होला न्यायालयाने मान्यता दिली आहे का?

प्रश्न : सर्बियापासून वेगळे झालेल्या कोसोव्होची २००८ ची स्वातंत्र्यघोषणा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये बेकायदा ठरवली नाही, तरीही भारताने त्याला मान्यता का दिलेली नाही?

प्रतिसाद : न्यायालयाचे मत केवळ सल्लागारी होते आणि घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही, एवढेच त्यात म्हटले होते, कोसोव्हो हे स्वतंत्र राष्ट्र ठरते की नाही, या प्रश्नाला न्यायालयाने हातच घातला नाही.

प्रतिसाद : सहमत. राष्ट्र कशाला म्हणावे हे सांगणाऱ्या १९३३ च्या मोन्टेव्हिडिओ करारातील लोकसंख्या, भूप्रदेश, शासन अशा कसोट्या आहेतच, पण मान्यता हा शेवटी राजकीय निर्णय असतो. कॅटलोनिया हा आपलाच प्रांत फुटून निघेल अशी धास्ती असलेला स्पेनही मान्यता देत नाही.

प्रतिसाद : संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्वही रशियाच्या नकाराधिकारापुढे अडते, गंमत म्हणजे, २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया स्वतःत सामील करून घेताना त्याच रशियाने कोसोव्होचा दाखला दिला.